काउबॉयसमोर सामुराई : हे सिनेमे एवढे का भावतात?

भरदुपार (नागपूर)

परवा रात्री भाच्याला 'द वॉरियर्स वे' (२०१०) दाखवायला बसवलं. पोरगा अकरावीत आहे. तासाभरात म्हणाला, "मामा, हे सगळं खोटं दिसून राहिलं. आभाळसुद्धा रंगवलेलं आहे." मला लगेच उत्तर सुचलं नाही, कारण पोरगा बरोबर बोलत होता. आभाळ रंगवलेलंच आहे त्यात.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वेकडचा एक तलवारबाज वैऱ्याच्या घराण्यातली शेवटची तान्ही पोर मारायची सोडून तिला कडेवर घेतो आणि थेट अमेरिकेतल्या एका उजाड गावात येऊन लाँड्री चालवतो. गावात एक मोडकी सर्कस आहे. त्याने तलवार म्यानातच बंद करून टाकली आहे, कारण ती उपसली की तिचा आवाज जुन्या साथीदारांना ऐकू जाईल. शेवटी एका बाजूने बंदूकवाले येतात, दुसऱ्या बाजूने काळ्या कपड्यातले तलवारवाले, आणि मध्ये धुणी धुणारा हा माणूस. माझा हा सिनेमा पाच-सहा वेळा पाहून झाला आहे. दर वेळी त्या लढाईच्या आधीच्या शांततेत माझा घसा दाटतो.

मी नागपूरच्या महाल भागात वाढलो. नवतपातल्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या, दुपारी दोन वाजताची आमची गल्ली डोळ्यासमोर आणा. सगळी शटरं अर्धी खाली. कूलरच्या टाकीतून थेंब थेंब पाणी गळतंय, तो डाग जमिनीवर पसरायच्या आत वाळतो. हातठेल्याखाली एक कुत्रा जीभ काढून पडलेला. गल्लीच्या त्या टोकाला डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस उभा, या टोकाला खिडकीत मी. दोघांचेही डोळे बारीक झालेले. तो माणूस बहुतेक पत्ता शोधत असेल. पण त्या उन्हात प्रत्येक उभा माणूस काहीतरी ठरवून आल्यासारखा दिसतो. पुढे पहिला वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचा सिनेमा, पाहिला तेव्हा मला ते गाव परकं वाटलंच नाही.

मग त्या गावात तलवार आली की माझं मन इतकं का भरून येतं? तुम्हाला असे सिनेमे आवडतात का? नसतील आवडत तर का नाही? मोकळेपणाने लिहा.

---

इतवारीचा_पोरगा

एका तिकिटात दोन टॉकीजचा माल मिळतो, म्हणून आवडतात. विषय संपला भाऊ.

---

कराटेसर

विषय कसा संपेल बाप्पा, आत्ता तर सुरू झाला.

मी वीस वर्षांपासून पोरांना कराटे शिकवतो, त्यामुळे त्याच बाजूने सांगतो. जपानी युद्धकलेत 'माआइ' म्हणून एक गोष्ट असते. दोघांमधलं अंतर. नुसतं फुटाने मोजायचं अंतर नाही, तर मी एका पावलात तुझ्यापर्यंत पोचू शकतो की नाही, हे दोघांनाही माहीत असलेलं अंतर. कुमितेच्या वेळी चांगले दोन विद्यार्थी समोरासमोर आले की कितीतरी वेळ काहीच होत नाही. नवीन पालक चुळबुळ करतात, "सर, हे लढत काहून नाहीत?" अहो, ते लढूनच राहिले आहेत. एकाची टाच अर्धा इंच सरकते, दुसऱ्याचा खांदा तेवढाच वळतो. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येतो.

तलवारीत 'इआइ' नावाची वेगळी विद्याच आहे. म्यानातून तलवार काढणं आणि वार करणं ही एकच हालचाल. आता काउबॉयचं बघा, कमरेचं पिस्तूल काढणं आणि गोळी झाडणं हीही एकच हालचाल. दोन्हीकडे हात कमरेशी आणि नजर समोर. ज्याने कुणी हे दोघे पहिल्यांदा एकमेकांसमोर उभे केले त्याने फार वेगळं काही जोडलं नाही, आधीपासून सारखं असलेलंच शेजारी आणून ठेवलं.

---

रोखठोक

माझं मत उलट आहे, स्पष्ट सांगतो.

पहिली गोष्ट, रस्त्याच्या मधोमध उभं राहून पिस्तूल उपसायचं द्वंद्व अमेरिकेत फार क्वचित झालं. स्प्रिंगफील्डला २१ जुलै १८६५ रोजी वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट यांच्यात झालेलं तेवढं गाजलं, तेही सुमारे ७५ यार्डांवरून. बाकी बरंचसं कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी वाढवलेलं. वायरला लटकून उडणाऱ्या तलवारबाजांबद्दल तर बोलायलाच नको. म्हणजे एक दंतकथा, तिला दुसरी दंतकथा जोडायची आणि वरून रंग फासायचा.

दुसरी गोष्ट, 'बुनराकू' (२०१०) पाहिला. घडीच्या कागदातून उघडल्यासारखं शहर, लाल-जांभळा उजेड, पिस्तुलाशिवायचा काउबॉय आणि तलवारीशिवायचा सामुराई. कल्पना किती छान! पण दोन तासांत एकाही माणसाची काळजी वाटली नाही मला. पोळ्याला बैल कितीही नटवा, झूल घाला, शिंगं रंगवा, दुसऱ्या दिवशी तो औताला चालला पाहिजे. हे सिनेमे झुलीवरच थांबतात.

---

संत्राबर्फी

रोखठोक दादा, पोळ्याचं काढलंत तर पुढचा दिवस कसा विसरलात? आपल्याकडे तान्हा पोळा असतो ना!

लाकडाचा बैल, पायाला चाकं. तो कधीच औताला चालणार नसतो. तरी माझा मुलगा आदल्या रात्री त्याच्या गळ्यात स्वतः माळ घालतो, चाकाला तेल लावतो, आणि सकाळी दारोदार घेऊन जातो. बाया त्या बैलाला ओवाळतात, पोरांच्या हातावर बोजारा (खाऊ-पैसे) ठेवतात. कुणी म्हणत नाही की हा खोटा आहे. सगळ्यांना माहीत असतं लाकूड आहे. लाकूड आहे म्हणूनच त्यात पोरांचा जीव ओतलेला दिसतो.

'बुनराकू' मला पण लांबला. पण रंगवलेलं आभाळ हा दोष नाही, एवढंच म्हणणं आहे माझं.

---

इतवारीचा_पोरगा

ताईंनी बैल जिंकला. 🙏

---

वैनगंगा

माझं माहेर वडशाकडचं, त्यामुळे झाडीपट्टीची नाटकं पाहत लहानाची मोठी झाले. धान निघालं की रात्रभर नाटक. मागे रंगवलेला पडदा, त्यावर राजवाडा. खलनायक येतो तोच हसत, आणि त्याचा आवाज शेवटच्या ताडपत्रीपर्यंत जातो. पहाटे चारला थंडीत शाल गुंडाळून बसलेल्या बाया नायिकेसाठी खरोखर रडायच्या. माझी आई रडायची. पडदा हलताना तिलाही दिसायचा.

हे सांगते कारण तलवारबाजीच्या चिनी सिनेमांचं मूळही रंगमंचात आहे. किंग हू या दिग्दर्शकाने 'ड्रॅगन इन' (१९६७) आणि 'अ टच ऑफ झेन' (१९७१) केले, तेव्हा त्यांचे मारामारी बसवणारे हान यिंग-चिए हे पेकिंग ऑपेरातून, म्हणजे चीनच्या गाण्या-कसरतींच्या नाटकांतून, आलेले होते. 'झेन'मधली बांबूच्या बनातली ती उडी ट्रॅम्पोलिनवरून मारलेली. तालावर पाय पडतो, मध्येच सगळे स्तब्ध, मग पुन्हा हालचाल. ही रंगमंचाचीच रीत. जॅकी चॅनही लहानपणी अशाच ऑपेराच्या शाळेत घडला. म्हणून 'शांघाय नून'मध्ये (२०००) तो काउबॉयच्या गावात नाल आणि दोरी घेऊन लढतो तेव्हा ती मारामारी कमी आणि नाच जास्त वाटते. मला तरी त्यातला आनंद झाडीपट्टीच्या मांडवातलाच वाटतो.

त्या लोकांनी खरं वाटावं म्हणून कधी केलंच नाही. लांब बसलेल्याला दिसावं म्हणून केलं.

---

फिल्लमबाज

वैनगंगाताई, शेवटची ओळ वहीत उतरवून घेतली.

रोखठोक भाऊंच्या 'एक दंतकथा दुसऱ्या दंतकथेला जोडली' याबद्दल थोडं सांगतो. ही जोडाजोड आजकालची नाही. जपानचे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा अमेरिकेच्या जॉन फोर्डच्या वेस्टर्नचे मोठे चाहते. त्यांनी 'सेव्हन सामुराई' (१९५४) केला. अमेरिकेने त्याचा काउबॉय करून 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) बनवला. मग कुरोसावांचा 'योजिम्बो' (१९६१) आला. एका गावात दोन टोळ्या, आणि त्यांच्यामध्ये एक भटका सामुराई. तो पाहून इटलीच्या सर्जिओ लिओनेने 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) केला, तोही परवानगी न घेता. जपानच्या तोहो कंपनीने दावा लावला आणि तडजोडीत जगभरच्या कमाईतला १५ टक्के हिस्सा मिळवला.

पुढे दोन्ही माणसं एकाच पडद्यावर आली ती 'रेड सन'मध्ये (१९७१). तोशिरो मिफुने सामुराई, चार्ल्स ब्रॉन्सन बंदूकवाला, आणि सोबत आलँ देलाँ. जपानच्या राजदूताने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसाठी आणलेली तलवार रेल्वेतून लुटली जाते आणि ती परत आणायला मिफुनेला सात दिवस मिळतात. रंगरंगोटी काही नाही त्यात, साधा सरळ सिनेमा आहे. रोखठोक भाऊ, हा पाहाच. बुनराकूचा राग उतरेल.

---

सुलभा_धरमपेठ

फिल्लमबाज, तुमचं वाचून आमच्या जुन्या वाड्यातली एक गोष्ट आठवली. शेजारणीने वाटीभर काही दिलं तर वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. फोर्डची वाटी जपानला गेली, कुरोसावांनी त्यात आपलं घालून परत केली. लिओनेने मात्र वाटी ओट्यावरून न विचारता उचलली, पण परत देताना काय भरून दिली! पुढे चीन, कोरिया, सगळ्यांच्या घरी फिरली ती वाटी. कोरियाच्या किम जी-वूनने २००८ मध्ये तर १९३०च्या दशकातल्या मांचुरियात काउबॉय पळवले, 'द गुड, द बॅड, द वीअर्ड' म्हणून. त्यातला वाळवंटातला घोड्यांचा आणि गाड्यांचा पाठलाग माझ्या नातवासोबत पाहिला. आम्ही दोघंही सोफ्याच्या कडेला आलो होतो.

---

जरीपटका_०७

आणि आपली वाटी? शोले!

---

इतवारीचा_पोरगा

आलाच शोले. या फोरमवर वांग्याच्या भाजीचा धागा काढला तरी तिसऱ्या पानावर शोले येतो.

---

जरीपटका_०७

अरे पण इथे हक्काने येतो तो! गावासाठी लुटारूंविरुद्ध बाहेरचे लढवय्ये बोलवायचे, हे 'सेव्हन सामुराई'कडून आलेलं. ठाकूरचं कुटुंब अंगणात मारलं जातं तो प्रसंग लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची (१९६८) आठवण देतो. आणि शेवट आठव. हात नसलेला माणूस खिळ्यांच्या बुटांनी, फक्त पायांनी गब्बरला तुडवतो. काउबॉयच्या गावातली ही हातघाई म्हणायची, की पायघाई? दिग्दर्शक चांग चेहचा 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' १९६७चा, त्यात एक हात नव्हता. आपल्याकडे १९७५ साली दोन्ही नाहीत. ज्याचं शस्त्रच काढून घेतलं आहे तो शेवटी कशाने लढेल, हीच तर या सिनेमांची खरी ओढ आहे.

---

कराटेसर

जरीपटका, हे मी उद्या क्लासमध्ये सांगणार. ठाकूर शाल पांघरून उभा असतो तेव्हा त्याचे पाय बघा. वजन दोन्ही पायांवर सारखं. आम्ही पोरांना उभं राहायला शिकवतो ते असंच.

---

भोंगावाला

मी मंडप आणि साऊंडचं काम करतो. लग्नं, जयंत्या, मारबतीच्या दिवशी तर कान बधिर होतात. त्यामुळे सिनेमातही मी आधी कानाने शिरतो. इथे कुणी आवाजाबद्दल बोललंच नाही.

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची सुरुवात आठवा. तीन मारेकरी रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट पाहताहेत. संगीत नाही. पवनचक्की कुरकुरते. एकाच्या टोपीवर पाणी ठिबकतं. दुसऱ्याच्या तोंडावर माशी बसते, तो तिला पिस्तुलाच्या नळीत पकडतो, आणि आता माशीचा आवाज नळीतून येतो. किती वेळ चालतं हे! असं करायला छाती पाहिजे. माझा पोरगा कार्यक्रमात दोन सेकंद माइक शांत राहिला तर घाबरून 'हॅलो हॅलो' करतो.

त्या सिनेमाचं संगीत एन्यो मोरिकोनेने शूटिंगच्या आधीच तयार केलं होतं आणि सेटवर ते वाजवून नट चालायचे. म्हणून कॅमेऱ्याची आणि माणसांची चाल एका लयीत येते. लिओनेच्या डॉलरवाल्या सिनेमांतली ती शिट्टी अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनीची. शिट्टी, चाबूक, घंटा, एक गिटार. मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता म्हणून हाताशी होतं त्यातून हे उभं केलं. आणि दिग्दर्शक टॅरंटिनोने 'किल बिल'मध्ये (२००३-०४) जपानी तलवार आणि मोरिकोनेचं संगीत एकत्र आणलं, तेव्हा दोन्ही एकाच घरची वाटली ती या रिकाम्या जागेमुळे. तलवार म्यानातून निघतानाचा तो बारीक आवाज ऐकू यायचा तर आधी सगळं गप्प पाहिजे.

---

फिल्लमबाज

भोंगावाले भाऊ, काय लिहिलंत! पैशाच्या चणचणीवरून अजून एक. लिओनेचे ते रुंद पडद्यावरचे डोळे, म्हणजे नुसते डोळे आणि घाम, ते टेक्निस्कोपमध्ये टिपलेले. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक चित्राला फिल्मची चार छिद्रं लागतात, यात दोनच. म्हणजे अर्ध्या फिल्ममध्ये काम होतं आणि चित्र आपोआप लांबट, रुंद येतं. काटकसरीसाठी घेतलेली पद्धत, आणि त्यातूनच तो थाट आला. रंगवलेलं आभाळ काय किंवा हे काय, ज्यांच्याकडे कमी होतं त्यांनीच यात जास्त केलं.

---

रोखठोक

'रेड सन' पाहिला, तीन दिवस झाले. फिल्लमबाज, धन्यवाद.

मिफुने त्या उघड्या माळरानावर किमोनो घालून चालतो आणि ब्रॉन्सन त्याच्यावर हसतो. हळूहळू हसणं कमी होत जातं. सिनेमा कुठेही भाषण देत नाही की आता यांची मैत्री झाली. मिफुनेला ठाऊक आहे की सामुराईंचे दिवस संपत आले. ब्रॉन्सनच्या जगाचंही तेच होणार, फक्त त्याला ते अजून कळलेलं नाही. ही दोन माणसं एकत्र का शोभतात ते मला इथे उमगलं. दोघंही ज्या जगात तरबेज आहेत ते जग मागे पडतंय. माझे आजोबा हातमागावर पातळं विणायचे. शेवटच्या वर्षांत त्यांचं विणलेलं घेणारं कुणी नव्हतं, तरी काठ चुकला की उसवून पुन्हा विणायचे. मिफुने तलवार पुसतो तेव्हा मला आजोबांचे हात दिसले.

बुनराकूबद्दलचं मत तेच आहे. झूल आवडली, बैल सापडला नाही. पण संत्राबर्फी ताई, लाकडी बैलाचं मान्य. ज्याने बनवला त्याचा जीव त्यात पाहिजे, मग लाकूड चालेल.

---

संत्राबर्फी

दादा, आजोबांबद्दल वाचून डोळे भरले. यंदा तान्ह्या पोळ्याला या आमच्याकडे.

---

जरीपटका_०७

ताकाशी मीकेचा 'सुकियाकी वेस्टर्न जँगो' (२००७) राहिला. जपानी नट इंग्रजी बोलतात, कानाला खडे लागतात आधी. पण कथा जपानच्या जुन्या गेंजी आणि हेइके घराण्यांच्या वैराची, एक टोळी पांढरी, एक लाल. इटलीच्या वेस्टर्नला जग स्पॅगेटी म्हणायचं, मग जपानचा तो सुकियाकी. एका भांड्यात सगळं शिजवायचं.

---

इतवारीचा_पोरगा

या हिशोबाने आपण केला तर तर्री वेस्टर्न. पोहे इंदुरात पण मिळतात, चणे कुठेही मिळतात. पण पोह्यांवर ती लाल तर्री ओतायची कुणाला सुचली? तो माणूस लिओनेच.

---

सुलभा_धरमपेठ

आणि खाणाऱ्याला घाम फुटलाच पाहिजे, क्लोज-अपमध्ये.

---

भरदुपार (नागपूर)

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला कराटेसर, भोंगावाले भाऊ आणि रोखठोक यांच्या तिघांच्या मध्ये कुठेतरी सापडलं. मला ती वाट पाहणं आवडतं. दोन माणसं, ज्यांना एकमेकांची भाषा येत नाही, पण समोरचा आपल्या कामात पक्का आहे हे दोघांनाही दिसतंय. त्या एका मिनिटात एकमेकांना जेवढा मान देतात तेवढा मान मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

भाचा काल परत आला. या वेळी पूर्ण सिनेमा न लावता कुरोसावांच्या 'सान्जुरो'चा (१९६२) फक्त शेवट लावला. मागची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. काळा-पांढरा सिनेमा म्हटल्यावर त्याने मोबाइल हातात घेऊनच ठेवला होता. मिफुने आणि त्याचा वैरी झालेला नाकादाई हातभर अंतरावर येऊन उभे राहतात. मग काहीच होत नाही. कुणी हलत नाही, बाजूचे पोरगे श्वास धरून. मी पडद्याकडे पाहतच नव्हतो, मी भाच्याकडे पाहत होतो. त्याचा अंगठा मोबाइलवर थांबला.

एक वार झाला आणि संपलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, परत लाव. सुरुवातीपासून." मी लावलं. अर्ध्या मिनिटात तो उठला, भिंतीपाशी गेला आणि बटण दाबलं.

"कूलरचा आवाज येऊन राहिला," म्हणाला.

---

इतवारीचा_पोरगा

मे महिन्यात? कूलर बंद केला?

---

भरदुपार (नागपूर)

हो. पूर्ण सिनेमा तसाच पाहिला आम्ही. दोघांचेही शर्ट ओले झाले होते.